मॅडम ब्लाव्हाट्स्की : एका नव्या पंथाच्या उगमाची कथा



आपल्या बीड जिल्ह्यांतील खेड्यांतून कधीं कधीं एक पत्र फिरत असतें. पूर्वीं तें पोस्टकार्डावर येई, आतां मोबाइलवर येतें. खालीं लिहिणाराचें नांव नसतें. अमक्या ठिकाणीं अमका चमत्कार झाला, हें पत्र इतक्या जणांस पाठवावें, पाठविल्यास भरभराट होईल आणि न पाठविल्यास घरावर संकट येईल, असा त्यांत मजकूर असतो. ख्रिस्ती घरीं आलेल्या पत्रांत प्रभूचें नांव घातलेलें असतें, एवढाच काय तो भेद. मनांतून कोणाचा त्यावर फारसा विश्वास नसतो; तथापि विषाची परीक्षा कोणीं घ्यावी, असें म्हणून पुष्कळ लोक तें पुढें पाठवितात. ज्याच्या लेखकास कोणीं पाहिलें नाहीं, त्या पत्राची माणसाच्या मनावर केवढी सत्ता चालते हें यावरून दिसून येतें.

आज ज्या बाईंचें चरित्र आम्ही सादर करीत आहों, त्यांच्या हातून स्थापन झालेला पंथहि पुष्कळ अंशीं अशाच अदृश्य लेखकांच्या पत्रांवर उभा राहिला. त्यांचें नांव हेलेना पेत्रोव्हना ब्लाव्हाट्स्की. जन्मानें त्या रशियन व नागरिकत्वानें अमेरिकन होत्या. परंतु त्यांच्या पंथानें मूळ धरलें तें आपल्या मुंबई शहरीं. त्या पंथास थिऑसफी असें म्हणतात. नवा धर्मपंथ कसा जन्मतो, कसा वाढतो आणि कोठें ठेंचाळतो, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें हें चरित्र शांतपणें वाचावें.

जन्म व पूर्ववय

हेलेनाचा जन्म तारीख १२ ऑगस्ट १८३१ रोजीं येकातेरिनोस्लाव्ह या शहरीं झाला. हें शहर तेव्हां रशियाच्या बादशहाच्या राज्यांत होतें. आज तें युक्रेन देशांत असून त्यास द्नीप्रो म्हणतात. बाप तोफखान्यांतील अधिकारी होता, आणि त्याची बदली झाली कीं घरचें बिऱ्हाड हलत असे. आई कादंबऱ्या लिहीत असे. ती १८४२ सालीं ऐन तारुण्यांत वारली. मग हेलेना आपल्या आजोळीं वाढली. तिची आजी थोर सरदार घराण्यांतील असून स्वतःच्या अभ्यासानें वनस्पतिशास्त्रांत निष्णात झाली होती. मुलगी हट्टी, तल्लख आणि नवनव्या गोष्टी रचून सांगण्यांत मोठी पटाईत होती. भावंडें अंधारांत तिच्याभोंवतीं बसून भीतीनें कांपत तिच्या गोष्टी ऐकत असत. हा गुण पुढें तिच्या फार उपयोगीं पडला, आणि तोच तिच्या नाशासहि कारण झाला.

१८४९ सालीं, सतरा वर्षांची असतांना, तिचें लग्न निकिफोर ब्लाव्हाट्स्की नांवाच्या एका सरकारी अधिकाऱ्याशीं झालें. तो तिच्याहून वीस वर्षांहूनहि अधिक मोठा होता. कांहीं महिन्यांतच ती नवऱ्याचें घर सोडून निघाली. त्याचा संसार तिनें टाकला, पण त्याचें नांव मात्र जन्मभर चालविलें.

यानंतरच्या सुमारें चोवीस वर्षांचा वृत्तांत धुक्यांत आहे. बाईंच्या सांगण्याप्रमाणें त्या मिसर, तुर्कस्थान, अमेरिका, हिंदुस्थान असें भटकत तिबेटांत गेल्या. तेथें अलौकिक ज्ञान असलेल्या महात्म्यांच्या जवळ राहून त्यांनीं गुप्त विद्या संपादन केली. त्यांचे अनुयायी हें खरें मानतात. इतिहासकारांना मात्र तिबेटांतील वास्तव्याबद्दल भरंवशाचा पुरावा मिळालेला नाहीं, आणि बाईंनीं निरनिराळ्या वेळीं सांगितलेल्या हकीकतींचा परस्परांशीं मेळ बसत नाहीं. इतकें नक्की आहे कीं १८७१ सालीं त्या मिसर देशांतील कैरो शहरीं होत्या. तेथें त्यांनीं मृतांच्या आत्म्यांशीं बोलण्यासाठीं एक मंडळी काढली, पण ती लवकरच बुडाली. याच शहरीं त्यांची एमा नांवाच्या एका बाईशीं ओळख झाली. पुढें कूलोंब नांवाच्या गृहस्थाशीं लग्न करून ती एमा कूलोंब झाली. वाचकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें.

अमेरिकेंत सोसायटीची स्थापना

जुलै १८७३ मध्यें बाई न्यूयॉर्क बंदरीं उतरल्या. त्या काळीं अमेरिकेंत मृतात्म्यांस बोलावण्याचें वेड फार पसरलें होतें. तेथील यादवी युद्धांत लाखों तरुण मेले होते, आणि आपल्या मुलाचा एखादा शब्द तरी ऐकूं यावा म्हणून घरोघरच्या आया तळमळत होत्या. अशा दुःखी लोकांच्या बैठकी भरत. टेबलें हालत, ठोके ऐकूं येत, पडद्याआडून आकृति प्रकट होत. पुष्कळ ठिकाणीं लबाडी उघडकीस येई, तरी गर्दी कमी होत नसे.

१८७४ च्या ऑक्टोबर महिन्यांत व्हरमाँट प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या घरीं चाललेले असे प्रकार पाहण्यास कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट हे वर्तमानपत्राच्या वतीनें आले होते. तेथेंच त्यांची व बाईंची गांठ पडली. ऑल्कॉट हे वकील होते. युद्धाच्या काळांत सैन्याच्या पुरवठ्यांतील लांचलुचपत शोधून काढण्याचें काम त्यांनीं चोख बजावलें होतें. असा चौकस मनुष्य या बाईंच्या पूर्ण अंकित झाला, हें आश्चर्य खरें. परंतु हुशारी हें भोळेपणावरचें औषध नव्हे, असें जगांत वारंवार दिसून येतें.

१८७५ च्या सप्टेंबरांत या दोघांनीं विल्यम जज्ज व इतर मंडळी यांच्यासह थिऑसफिकल सोसायटी स्थापन केली. १७ नोव्हेंबर रोजीं ऑल्कॉट यांनीं अध्यक्ष या नात्यानें उद्घाटनाचें भाषण केलें. सर्व धर्मांच्या मुळाशीं एकच प्राचीन ज्ञान आहे, तें गुप्तपणें जतन करणारे महात्मे आजहि पृथ्वीवर आहेत, आणि जात, वर्ण व धर्म यांचा भेद न करितां सर्व मनुष्यांचें बंधुत्व साधावें, अशी या पंथाची शिकवण ठरत गेली. १८७७ सालीं बाईंचा आयसिस अन्‌व्हेल्ड हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि पहिली आवृत्ति थोड्याच दिवसांत खपली. यांतील मजकुराचा मोठा भाग इतरांच्या छापील पुस्तकांतून त्यांचीं नांवें न सांगतां घेतलेला आहे, असें विल्यम कोलमन नांवाच्या टीकाकारानें पुढें उतारे ताडून दाखविलें. ग्रंथ खपला, तरी सोसायटी मात्र अमेरिकेंत सुकूं लागली, सभासद गळाले. तेव्हां दोघांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली.

मुंबईस आगमन

ता. १६ फेब्रुवारी १८७९ रोजीं स्पीक हॉल नांवाची आगबोट मुंबई बंदरांत आली. ऑल्कॉट यांनीं किनाऱ्यावर उतरतांच धक्क्याच्या दगडी पायरीचें वांकून चुंबन घेतलें. वाचकहो, तो काळ मनांत आणा. दक्षिणेंतील १८७६ ते १८७८ सालचा भयंकर दुष्काळ नुकताच सरला होता. त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असलेल्या आपल्या या भागांत व शेजारच्या नगर, सोलापूर जिल्ह्यांत गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. इकडे मुंबईस इंग्रजी शिकलेल्या तरुणांची एक पिढी तयार झाली होती. तिच्या पोटाची भूक भागली होती, मनाची भागली नव्हती. पाश्चात्य विद्येनें तिचे जुने विश्वास ढिले केले होते. आणि मिशनरी लोकांपैकीं कित्येकांच्या बोलण्यांत तिच्या वाडवडिलांविषयीं जो तुच्छभाव असे, त्यानें तीं मनें दुखावलेलीं होतीं. अशा वेळीं गोऱ्या कातडीचीं दोन माणसें समुद्र ओलांडून आलीं आणि वेद, उपनिषदें व बुद्धाची शिकवण हींच जगाचीं गुरुस्थानें आहेत, असें भर सभेंत सांगूं लागलीं. दुखावलेल्या मनावर ही फुंकर होती. लोक त्यांच्याकडे धांवले यांत नवल नाहीं.

प्रथम मात्र ठेंच लागली. मुंबईस १८७५ सालीं स्थापन झालेल्या आर्य समाजाशीं त्यांनीं आधींच पत्रानें जोड करून ठेविली होती. तेथील मुख्य हरिश्चंद्र चिंतामण यांनीं गिरगांवांत त्यांच्या राहण्याची सोय केली. परंतु ज्यास त्यांनीं पाहुणचार समजलें त्याचें भलें मोठें बिल हातांत पडलें, आणि आर्य समाजासाठीं अमेरिकेहून पाठविलेली रक्कम समाजास पोंचलीच नव्हती असें कळून आलें. ही हकीकत ऑल्कॉट यांनीं आपल्या आठवणींत नमूद केली आहे. मग त्यांनीं गिरगांवांतच दुसरें घर भाड्यानें घेतलें. २३ मार्च रोजीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें ऑल्कॉट यांचें पहिलें जाहीर व्याख्यान झालें. १ ऑक्टोबर १८७९ पासून थिऑसफिस्ट हें मासिक सुरू झालें. बाई रशियन असल्यामुळें त्या हेर असाव्या, असा सरकारास संशय होता, म्हणून कांहीं काळ पोलीस त्यांच्या मागावर असत.

आर्य समाजाशीं केलेली जोड फार दिवस टिकली नाहीं. स्वामी दयानंद वेदांखेरीज दुसरें कांहीं प्रमाण मानीत नसत; आणि हे दोघे तर मे १८८० मध्यें सिलोनांत जाऊन गॉल येथें पंचशील घेऊन बौद्ध झाले. १८८२ च्या आरंभीं स्वामींनीं मुंबईस उघडपणें त्यांच्याशीं संबंध तोडला.

दामोदर मावळंकर

मुंबईंत मिळालेल्या शिष्यांमध्यें दामोदर मावळंकर या तरुणाची गोष्ट मनास चटका लावणारी आहे. त्याचा जन्म १८५७ सालीं अहमदाबादेस, गुजराथेंत स्थायिक झालेल्या एका संपन्न मराठी ब्राह्मण कुटुंबांत झाला. १८७९ सालीं तो सोसायटींत आला, आणि मनुष्यमात्राचें बंधुत्व मानावयाचें तर जातीचा अभिमान कसा ठेवावा, असें म्हणून त्यानें जात सोडली. लहानपणीं झालेलें लग्न मोडलें, वडिलांच्या मालमत्तेवरचा हक्क सोडला, आणि मासिकाच्या कचेरींत रात्रंदिवस खपूं लागला. बापानेंहि प्रथम सोसायटीस आश्रय दिला. पण पोराचा हा निर्धार पाहतांच घरची माणसें दूर झालीं.

आपल्या मंडळ्यांतील ज्या कुटुंबांनीं धर्मासाठीं सोयरेधायरे सोडले, पाणवठा सोडला, त्यांस या तरुणाच्या त्यागाची किंमत सांगावयास नको. त्याचा त्याग खोटा नव्हता. १८८५ च्या फेब्रुवारीत, ज्या गुरूंचीं पत्रें येत त्यांस प्रत्यक्ष भेटावें या ओढीनें, तो मद्रासेहून निघाला आणि सिक्कीमच्या वाटेनें तिबेटाकडे गेला. तो परत आला नाहीं. बर्फांत गोठून मेला अशी वार्ता आली. त्याचे सोबती तो गुरूंपाशीं सुखरूप पोंचला असें मानीत राहिले. अवघें सत्तावीस वर्षांचें वय! जो पंथ माणसाकडून एवढा त्याग मागतो, त्याच्या चालकांवर खरेपणाची जबाबदारीहि तेवढीच मोठी असते.

महात्म्यांचीं पत्रें

आतां त्या पत्रांकडे वळूं. अलाहाबादच्या पायोनियर पत्राचे संपादक सिनेट व सरकारी नोकरींत उच्च पदावर राहिलेले ह्यूम हे दोन इंग्रज गृहस्थ बाईंकडे आकर्षिले गेले. १८८० च्या ऑक्टोबरांत सिमल्यास वनभोजनाच्या वेळीं एक पेला कमी पडला, तेव्हां बाईंनीं दाखविलेल्या जागीं खणतां जमिनींतून त्याच नमुन्याचा पेला व बशी निघाली. कांहीं जण थक्क झाले. कांहींना तो पूर्वींच पुरून ठेविला असावा असा संशय आला. पुढें सिनेट यांस कूट हूमी व मोर्य नांवाच्या दोन महात्म्यांचीं पत्रें येऊं लागलीं. हीं पत्रें कधीं टपालानें येत, कधीं छतांतून खालीं पडत, कधीं उशींतून निघत. सिनेट यांनीं त्यांच्या आधारानें पुस्तकें लिहिलीं आणि थिऑसफीचें नांव इंग्लंडांत गाजलें. ह्यूम मात्र थोड्याच वर्षांत बाजूस झाले. हेच ह्यूम १८८५ सालीं मुंबईस काँग्रेसच्या स्थापनेंत पुढें होते.

१८८३ सालीं एक चमत्कारिक गोष्ट बाहेर पडली. किडल नांवाच्या अमेरिकन व्याख्यात्यानें सिनेट यांचें पुस्तक वाचलें, तों त्यांतील कूट हूमीच्या पत्रांत आपल्याच १८८० सालच्या भाषणांतील वाक्यें जवळजवळ शब्दशः त्यास आढळलीं. हिमालयापलीकडील ऋषींनीं अमेरिकेंतील व्याख्यानाची नक्कल कां करावी? पत्र मनोबलानें कागदावर उमटवितांना शिष्याची चूक झाली, असा महात्म्यांच्या नांवें खुलासा आला. ज्यांस विश्वास ठेवावयाचा होता त्यांनीं तो मानला.

अड्यार येथील कपाट

१८८२ च्या डिसेंबरांत सोसायटीचें ठाणें मुंबईहून मद्रासेजवळ अड्यार येथें गेलें. तेथें बाईंच्या निजावयाच्या खोलीस लागून असलेल्या दालनांत, भिंतीवर एक लांकडी कपाट टांगलेलें होतें. शिष्यांनीं त्यांत प्रश्न ठेवावा आणि महात्म्यांचें उत्तर मिळावें, अशी त्याची ख्याति झाली. घराची व्यवस्था कैरोच्या ओळखीच्या त्या एमा कूलोंबकडे व तिच्या नवऱ्याकडे होती. विपन्न स्थितींत हीं दोघें १८८० सालीं सिलोनाहून मुंबईस आलीं, तेव्हां बाईंनीं त्यांस आश्रय दिला होता. आणि नवरा सुतारकामांत कुशल होता.

१८८४ सालीं बाई व ऑल्कॉट युरोपांत गेले असतां अड्यारास भांडण होऊन कूलोंब जोडप्यास हांकलून देण्यांत आलें. त्यांनीं बाईंचीं म्हणून कांहीं पत्रें मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकास दिलीं, आणि तीं १८८४ च्या सप्टेंबरपासून छापून आलीं. चमत्कार कसे घडवून आणावे याच्या सूचना त्यांत होत्या. कपाटामागील भिंतींत सरकत्या फळीची योजना आढळली. बाईंच्या पक्षानें सांगितलें कीं हीं पत्रें बनावट आहेत, आणि फळ्या कूलोंबनें बाई परदेशीं असतांना सूड म्हणून बसविल्या. चौकशीसाठीं लंडनच्या मानसिक संशोधन मंडळानें रिचर्ड हॉजसन यांस पाठविलें. ते डिसेंबर १८८४ मध्यें आले, पण कपाट त्यापूर्वींच सोसायटीच्या मंडळींनीं नष्ट केलें होतें. पुरावा जाळणें हें निर्दोषपणाचें लक्षण नाहीं, असें लोकांनीं म्हटल्यास त्यांस दोष कसा द्यावा?

सुमारें तीन महिने तपास करून हॉजसन यांनीं निकाल दिला कीं हे चमत्कार कपटाचे असून पत्रें मुख्यतः बाईंनींच लिहिलेलीं आहेत. पैशासाठीं बाईंनीं हें केलें, असें मात्र त्यांसहि वाटलें नाहीं. १८८५ च्या अखेरीस हा अहवाल प्रसिद्ध झाला. येथें न्यायासाठीं हेंहि सांगणें अवश्य आहे कीं शंभर वर्षांनीं, १८८६ नव्हे तर १९८६ सालीं, त्याच मंडळाच्या मासिकांत व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञानें हॉजसन यांची तपासणी एकतर्फी व सदोष होती असें दाखवून दिलें. यावरून महात्मे खरे ठरत नाहींत. पण ज्याच्यावर आरोप आहे त्यासहि न्यायानें वागविलें पाहिजे, एवढें खास.

शेवटचीं वर्षें

बाईंना न्यायालयांत जावयाचें होतें, पण सोसायटीच्या मंडळींनीं त्यांस परावृत्त केलें. ३१ मार्च १८८५ रोजीं, आजारानें जर्जर स्थितींत, त्या मद्रासेहून निघाल्या, त्या पुनः हिंदुस्थानांत आल्या नाहींत. असे असूनहि पंथ मेला नाहीं, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. १८८५ पर्यंत सोसायटीच्या १२१ शाखा झाल्या होत्या; पैकीं १०६ हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथें होत्या. मुंबईस तुकाराम तात्या यांच्यासारखे कार्यकर्ते स्वस्त दरानें संस्कृत ग्रंथ छापून प्रसिद्ध करीत राहिले.

बाईंनीं युरोपांत अंथरुणास खिळूनहि लेखणी सोडली नाहीं. १८८७ पासून त्या लंडनांत राहिल्या. १८८८ सालीं सीक्रेट डॉक्ट्रिन हा मोठा ग्रंथ आणि १८८९ सालीं थिऑसफीची प्रश्नोत्तररूप माहिती देणारें पुस्तक त्यांनीं प्रसिद्ध केलें. मोठा ग्रंथ वाचून अॅनी बेझंट बाई त्यांच्या शिष्या झाल्या. त्याच सुमारास लंडनांत शिकणाऱ्या मोहनदास गांधी नांवाच्या तरुणास दोन थिऑसफिस्ट बंधूंनीं भगवद्गीता वाचण्यास लावलें; स्वतःच्या धर्माच्या ग्रंथाकडे त्याचें लक्ष असें परक्यांकडून वळलें. ता. ८ मे १८९१ रोजीं, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, बाई लंडनांत मरण पावल्या. त्यांच्या नांवें संपत्ति सांठविलेली आढळली नाहीं.

पंथाची पुढील वाट

ऑल्कॉट यांनीं १८९४ सालीं अड्यारजवळ अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठीं मोफत शाळा काढली, आणि अशा आणखीहि काढल्या. हें काम खरोखर स्तुत्य होय. अॅनी बेझंट १८९३ सालीं हिंदुस्थानांत आल्या, १९१७ सालीं काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. परंतु गुप्त गुरूंचा मोह संपला नाहीं. कृष्णमूर्ति नांवाच्या मुलास त्यांनीं जगद्गुरूचें पात्र म्हणून वाढविलें आणि त्याच्याभोंवतीं हजारोंचा संघ उभा केला. १९२९ सालीं हॉलंडांत भर सभेंत याच तरुणानें तो संघ मोडून टाकला, आणि सत्यास कोणत्याहि संघटनेची वाट नसते, असें सांगून गुरुपद नाकारलें.

त्यानंतर वीस वर्षांनीं अमेरिकेंत अशीच दुसरी कथा सुरू झाली. रॉन हबर्ड नांवाचा, अद्भुत गोष्टी लिहून पोट भरणारा लेखक १९११ सालीं जन्मला. १९५० सालीं त्यानें डायनेटिक्स नांवाचें पुस्तक काढून मनाच्या सर्व दुखण्यांवर उपाय सांपडल्याचें जाहीर केलें. पुस्तक अतोनात खपलें. पण त्याच्या संस्था दोन वर्षांच्या आंत कर्जांत बुडाल्या. मग त्यानें त्याच मतास आत्मा व पुनर्जन्म यांची जोड देऊन सायंटॉलॉजी हें नांव दिलें, आणि १९५४ सालीं लॉस एंजेलिस येथें त्याचें चर्च उभें राहिलें. एक लहान विद्युत्‌यंत्र हातांत देऊन शिष्यास त्याच्या दुःखाच्या आठवणी विचारतात, आणि तो पायरी पायरीनें वर चढतो. वरच्या पायऱ्यांची शिकवण गुप्त असून तेथवर पोंचण्यास फार पैसा लागतो. १९७९ सालीं सरकारी कचेऱ्यांतील कागद चोरविण्याच्या कटांत हबर्डच्या बायकोसह संस्थेचे कित्येक अधिकारी दोषी ठरले. हबर्ड कांहीं वर्षें लपून राहून १९८६ सालीं मेला. ब्लाव्हाट्स्की बाईंनीं पैसा केला नाहीं, हा दोघांतील मोठा भेद होय. सारखेपणा इतकाच कीं दोघेहि कथा रचण्यांत निपुण होते, दोघांनींहि दुःखी व शोधक मनें ओळखलीं, आणि दोघांनींहि ज्ञानाचा शेवटचा दरवाजा बंद ठेवून किल्ली आपल्या हातीं ठेविली.

आपणांस काय घेण्यासारखें आहे

या चरित्रावरून आनंद मानावा असें आम्हांस वाटत नाहीं. एका ख्रिस्ती मासिकानें हें कपट उघड केलें, हें खरें. पण मुंबईचे तरुण त्या बाईंकडे कां धांवले, याचें उत्तर कांहीं अंशीं आपल्याच लोकांच्या वागणुकींत आहे. जो शेजाऱ्याच्या वाडवडिलांस हिणवितो, तो त्यास दुसऱ्याच्या दारीं लोटतो. गुरुजनहो व उपदेशकहो, वेशीबाहेर उभे राहून गांवास नांवें ठेवण्याचा मोह आपणांस होतो, तेव्हां हें आठवावें.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. आपल्या मंडळ्यांतहि अधूनमधून एखादा परगांवचा मनुष्य येतो. देवानें रात्रीं आपणाशींच भाषण केलें, असें तो सांगतो. आजाऱ्यावर हात ठेवितो, औषध बंद करावयास लावतो, आणि जातांना दाणे, कोंबडी किंवा रोख रक्कम घेऊन जातो. त्याचें भाषण ऐकून रडणाऱ्या बायाबापड्यांस हंसूं नये; त्यांचें दुःख खरें असतें. परंतु उपदेशकानें चार प्रश्न विचारण्याचें धैर्य धरावें. हें तुला कोणीं सांगितलें, आणि त्यास दुसऱ्या कोणी ऐकलें काय? हें दिवसाढवळ्या, सर्वांसमक्ष तपासून पाहतां येईल काय? यांत लाभ कोणाचा, आणि खर्च कोणाचा? चूक निघाली तर तूं ती कबूल करशील काय? खऱ्या शिकवणीस या प्रश्नांचें भय नसतें. बिरुया गांवच्या लोकांनीं प्रत्यक्ष पौलाचें बोलणें शास्त्रांत ताडून पाहिलें, आणि त्याबद्दल त्यांस दोष लागला नाहीं, उलट मान मिळाला. आपणांसहि कोणीं असेच प्रश्न विचारले तर रागावूं नये.

दामोदर मावळंकर याच्यासारखी निष्ठा दुर्मिळ असते. कोणाच्या पोराची अशी निष्ठा खोट्या पत्राच्या मागें बर्फांत जाऊं नये, म्हणून हें सारें लिहिलें. पुढच्या खेपेस तें निनांवी पत्र आपल्या घरीं आलें, तर तें पुढें पाठवूं नये. आणि शेजारीण भीतीनें विचारावयास आली, तर तिच्यासमोरच तें पुसून टाकावें. घरावर कांहीं संकट आलें नाहीं, हें चार दिवसांनीं तिला तिच्याच डोळ्यांनीं दिसेल.